न बोललेल्यांची मोजदाद

शितावरून भाताची परीक्षा होते, पण ते शीत आपण उचललेले असावे लागते. आपणहून पळीवर येऊन बसलेल्या शितावरून भात शिजला असे म्हणता येत नाही. पाहणीचेही तसेच आहे. ज्यांनी आपणहून उत्तर दिले त्यांची टक्केवारी म्हणजे सगळ्या शेतकऱ्यांचे मत नव्हे.

तीन कृषी कायद्यांचे उदाहरण घ्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये समिती नेमली. तिचा अहवाल सदस्य अनिल घनवट यांनी मार्च २०२२ मध्ये जाहीर केला, तोवर कायदे रद्द झाले होते. समितीने २६६ संघटनांना विचारले. ७३ बोलल्या, त्यांतल्या ६१ कायद्यांच्या बाजूने. लगेच ‘८६ टक्के’चे मथळे झळकले. दिल्लीच्या वेशीवर बसलेल्या ४० संघटना मात्र समितीपुढे गेल्याच नाहीत. कायदे चांगले की वाईट, हा वाद वेगळा. विरोधकच गैरहजर असताना निघालेली टक्केवारी कोणत्याच बाजूने मिरवू नये.

उत्तरे पुष्कळ आली म्हणजे दोष जातो, असेही नाही. १९३६ साली अमेरिकेत एका साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि तरीही रूझवेल्ट हरणार हे भाकीत साफ चुकले.

आता आपल्या घरचे पाहू. कपाशी-ज्वारीचा उत्पादन खर्च मोबाईलवरून गोळा करावा, अशी सूचना बैठकांतून येते आहे. उत्तर कोण देईल? ज्याच्याकडे चांगला फोन आहे, विहिरीला पाणी आहे तो. ऊसतोडीला गेलेला कोरडवाहू शेतकरी देणार नाही. टोकावड्याच्या आसपासच्या वाड्यांतून वीटभट्टीवर गेलेली कुटुंबेही देणार नाहीत.

हिशेबासाठी धरून चला : शंभर शेतकऱ्यांपैकी तिसांनी उत्तर दिले, त्यांचा कापूस एकरी ८ क्विंटल. गप्प राहिलेल्या सत्तरांचा ४ क्विंटल. एकरी खर्च सगळ्यांचा २४ हजार. उत्तरे पाहून क्विंटलला ३ हजार खर्च निघतो. सगळे धरले तर सरासरी उत्पन्न ५.२ क्विंटल आणि खर्च ४,६०० च्या वर. म्हणजे आपल्याच कागदाने आपण भाव पाडून घेऊ!

बागायती-कोरडवाहूचे प्रमाण लावून उत्तरांना कमी-अधिक वजन देता येते. तो उपाय अर्धाच, कारण बोललेला कोरडवाहू आणि गप्प राहिलेला कोरडवाहू एकसारखे असतीलच असे नाही. पुरा उपाय हॅन्सेन आणि हर्विट्झ या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ सालीच सांगून ठेवला आहे. गप्प सत्तरांतून चिठ्ठ्या टाकून चौदा नावे काढा. त्यांच्या घरी जा, गावी नसतील तर फडावर जा, पण माहिती आणा. मग त्यांतला प्रत्येक जण पाचांच्या ठिकाणी धरा. चिठ्ठीत निघालेले नाव सोडून शेजारच्याला विचारले, की सगळे मुसळ केरात.

तेव्हा शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, खर्चाचा आकडा जिल्ह्याच्या बैठकीत मांडताना तीन गोष्टी सांगा : किती जणांना विचारले, किती बोलले, आणि न बोललेल्यांपैकी किती जणांच्या दारी आपण गेलो. तिसऱ्याचे उत्तर ‘शून्य’ असेल, तर तो आकडा सरकारपुढे नेऊ नये.