छंदाच्या रकान्याबाहेर

रहिमतपूरच्या आमच्या केंद्रात लग्नाचे कागद खूप पाहायला मिळतात. पूर्वी त्याला माहितीपत्रक म्हणत, आता बायोडाटा म्हणतात. मुलीच्या कागदावर शिक्षण, उंची, वर्ण झाले की 'छंद' असा एक रकाना येतो आणि त्यात वाचन, मेंदी, पाककला यांच्या पंक्तीत 'चित्रकला' बसलेली असते. मुलगा चित्रे काढत असेल तर तीच गोष्ट 'व्यवसाय' या रकान्यात जाते. छंद म्हणजे काय, तर लग्नानंतर सुटला तरी कुणाचे काही अडत नाही असे काम!

या रकान्यातून बाहेर पडू पाहणारी एक मुलगी दोन वर्षे मी जवळून पाहते आहे. नाव सांगणार नाही. वय २३, कलाशिक्षक पदविका झालेली. पहाटे उठून पाणी भरणे, म्हशीची धार, भाकऱ्या, धाकट्या भावाचा डबा. घरातली सगळी जेवून पांगली की दुपारी दोन ते साडेतीन हा तिचा वेळ. जागा म्हणजे सोपा. ट्रंकेवर पाट, पाटावर कागद. पाहुणे आले की चित्र कणगीच्या मागे. रंग ओला असला तरी कणगीच्या मागेच.

ती काढते आपल्याच भागातल्या बाया. आल्याच्या रानात ओळीने बसून गड्डे उकरणाऱ्या, माती झाडणाऱ्या, पाठीला बाक आलेल्या. चेहरे तिला फारसे लागत नाहीत. हात लागतात. नखांत माती गेलेले, सुजलेल्या पेरांचे हात ती पुन्हा पुन्हा काढते. रंग कुठून शिकलीस, असे विचारले तर कॉलेजचे नाव सांगत नाही, आजीची वाकळ दाखवते. धुऊन धुऊन विटलेला हिरवा, त्याला खेटून डाळिंबी, मध्येच कुणाच्या तरी फाटक्या सदऱ्याची पट्टी. "ताई, आजीला कुणी शिकवलं नव्हतं, पण कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला बोलू देत नाही हे तिला कळायचं." रंगसंगतीवर इतके नेमके बोलणे मी व्याख्यानांतून क्वचित ऐकले आहे.

तिचे दुसरे विद्यापीठ औंध. आपल्याकडच्या पुष्कळ जणी यमाईच्या दर्शनाला जातात आणि त्याच डोंगराच्या अंगावरचे श्री भवानी संग्रहालय न पाहता परततात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली ते उभारले. ही मुलगी एसटीने जाते, एका चित्रासमोर तास तास उभी राहते. मीही एकदा तिच्याबरोबर गेले. रविवर्म्याची 'सैरंध्री' तिथे आहे, हेन्री मूरचे आई आणि मुलाचे शिल्प आहे. चित्रांतून बायका जागोजाग. द्रौपदीसारखी राणी दासी होऊन उभी आहे आणि तिची भीती एका पुरुषाने किती सुंदर रंगवली आहे, असे मनात येते. पण लोक ज्यांच्या नावासाठी थांबतात ते सारे पुरुष. बाहेर पडताना ती म्हणाली, "आपण चित्रात किती आहोत, नाही? काढणाऱ्यांत कधी होतो?"

होतो. मात्र कशा होतो ते पाहण्यासारखे आहे. ज्या धुरंधरांचे नाव अशा संग्रहांत मानाने घेतले जाते, त्यांची मुलगी अंबिका (जन्म १९१२) १९३१ साली मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडली. त्याच काळात अँजेला त्रिंदाद (जन्म १९०९) तिथे शिकली. तिचे गोव्याचे वडील आंतोनियो झेवियर त्रिंदाद हेही त्याच शाळेत शिकवत. म्हणजे त्या काळात जे.जे.चे दार उघडलेल्या या दोघी तिथल्या शिक्षकांच्याच मुली. घरात रंग होते, ब्रश होते, चित्र म्हणजे काम हे मान्य होते. दोघींची गुणवत्ता निर्विवाद. पण तेवढीच गुणवत्ता असलेली, बाप शेतकरी किंवा कारकून असलेली मुलगी त्या दिवसांत कुठे होती? बहुधा अंगणात, रांगोळी घालत.

असे घर नसताना आलेली बाई म्हणजे बी. प्रभा. १९३३ साली नागपूरजवळच्या बेला गावात जन्म, नागपुरात शिक्षण, मग मुंबई, जे.जे. शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी लग्न. त्या तरुण जोडप्याचे सुरुवातीचे दिवस ओढाताणीचे होते. अमृता शेरगिलच्या चित्रांनी त्यांना वाट दाखवली, आणि पुढे कोळिणी, खेड्यातल्या बाया, उंच शेलाट्या, मान किंचित कललेल्या, हा त्यांचा विषय झाला. १९५६ साली एअर इंडियाने त्यांची सहा चित्रे घेतली, प्रत्येकी ८७ रुपये ५० पैशांना. हिशेब करा, सहाचे ५२५ रुपये. आज त्यांची चित्रे लिलावात लाखांनी जातात याचे कौतुक होते. मला त्या ५२५ रुपयांचे जास्त वाटते. पंचविशीच्या आतल्या बाईला पुढचे चित्र काढायला ते पैसे लागतात, पन्नास वर्षांनंतरचे नव्हेत.

थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत, या प्रश्नाला लिंडा नॉखलिन या अमेरिकन विदुषीने १९७१ साली उत्तर दिले ते याच दिशेचे होते. प्रतिभेचा शोध सोडा, शाळांचे नियम पाहा. युरोपात शतकानुशतके स्त्रियांना नग्न मॉडेलवरून अभ्यास करायला मनाई होती, आणि तो अभ्यास नाही तर मोठी चित्रे नाहीत. आपल्याकडे नियम लेखी नसतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना आपल्या शाळांतून मुली हौसेने बसतात, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून घरचेही बसवतात. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर.

आणि जिथे कला मुळात बायकांचीच होती तिथे काय झाले? वारल्यांमध्ये लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत. हो, 'लिहीत' असेच म्हणतात. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांनी हे चित्र भिंतीवरून कागदावर आले आणि जिव्या सोमा मशे यांच्या हाती ते जगभर गेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे मोठेपण वादातीत आहे. पण भिंतीवर होते तोवर ते बाईचे विधीकाम होते. कागदावर आले, त्याला किंमत आली आणि नाव मिळाले ते प्रथम पुरुषाला. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

म्हणून मैत्रिणींनो, हा प्रश्न मजुरीचाही आहे. मागच्या वर्षी एका गावात शाळेच्या 'बोलक्या भिंती' रंगवायचे काम निघाले. आमची मुलगी एका पेंटरबरोबर गेली. त्याला दिवसाचे ८०० रुपये, हिला ३५०. कारण? बाईमाणूस शिडीवर चढत नाही. ती चढली होती. वरचे ग्रह आणि आकाश तिनेच रंगवले होते. शेतमजुरीतल्या असमान दरावर आपण मोर्चे काढले, समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला, पण ब्रश हातात असला की आपल्यालाही ते काम वाटेनासे होते. आठ मार्चला फलक रंगवून हवेत, पथनाट्याचा पडदा हवा, मग 'तुझी चित्रकला छान आहे ना गं' असे म्हणून एखादीला बोलावले जाते. ढोलकीवाला मात्र आपले पैसे आधी ठरवून येतो.

आमच्या गटात यावर बरीच वादावादी झाली. संघटनेकडे पैसा कुठे आहे, हे म्हणणे खोटे नाही. शेवटी तीन गोष्टी ठरल्या. फलकाचे मानधन द्यायचे, थोडे का होईना पण काम सांगतानाच. केंद्राची मागची खोली रविवारी आणि बुधवारी दुपारी चित्रे काढणाऱ्या मुलींसाठी मोकळी ठेवायची, आणि तिथे ओले चित्र भिंतीला टेकवून ठेवले तर कुणी हलवायचे नाही. तिसरे, शाळेच्या भिंतींची कामे निघतात तेव्हा ग्रामसभेत दर विचारायचा. हे तिसरे सोपे नाही. पहिल्याच सभेत आम्हाला 'बायकांनी रांगोळीचं बघावं' असे ऐकवण्यात आले.

तिला सध्या एक स्थळ आले आहे. मुलगा पुण्यात नोकरीला, माणसे बरी वाटतात. दोन खोल्यांचे घर आहे. तिने एकच प्रश्न विचारायला आईला सांगितले आहे: दुपारी त्यातली एक खोली रिकामी असते का? आईने अजून विचारलेला नाही. तुमच्या गावात असा प्रश्न कुणी विचारला असेल आणि त्याचे काय झाले असेल, तर जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात चार पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत, आणि त्या पानांवरची चित्रे तीच काढणार आहे. दर ठरला आहे.