रामघाटाला संग्रहालय हवे की संग्रहपाल?

2025 च्या अखेरीस काशीचा रामघाट मराठी वर्तमानपत्रांत झळकला. अहिल्यानगर जिल्ह्यातले 19 वर्षांचे देवव्रत महेश रेखे यांनी तिथल्या वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण 50 दिवसांत पूर्ण केले. सुमारे 2,000 मंत्र, तेही मुखोद्गत. पंतप्रधानांनी कौतुक केले, सत्कार झाले. त्या निमित्ताने एक प्रश्न विचारायला हरकत नाही. या परिसरातला मराठी ठेवा एखाद्या वाड्यात संग्रहालय करून जपावा, की आहे तिथेच राहू द्यावा?

ठेवा किरकोळ नाही. रामघाटापासून काही पावलांवर गणेशघाट आणि भोसलेघाट. पहिला अमृतराव पेशव्यांचा, दुसरा नागपूरकरांचा. दुसऱ्या अंगाला ग्वाल्हेरच्या दिवाणांचा जटारघाट. पुढे पंचगंगा घाटावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले बिंदुमाधवाचे देऊळ, त्यापलीकडे दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट ही मराठी घरांची वस्ती. एकनाथांचे भागवत 1573 मध्ये याच काशीत पुरे झाले. वेदाच्या पोथ्या, मोडी कागद, तीर्थोपाध्यायांच्या वह्या, पूजेची भांडी असे बरेच काही पिढ्यानपिढ्या घराघरांत सांभाळले गेले आहे.

संग्रहालय करावे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. घरे रिकामी होतात, मुले पुण्या-बंगळुरूला जातात आणि वाडा विकला की माळ्यावरच्या पेट्यांना वाली उरत नाही. विश्वनाथ धामासाठी तीनशेहून अधिक मिळकती घेतल्या गेल्या, तेव्हा काशीची जुनी वस्ती किती झपाट्याने बदलू शकते ते दिसलेच. वेळीच गोळा केले म्हणून वाचले, याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. कोथरूडचा मस्तानी महाल त्याच्या मूळ जागी राहिला नाही, पण दिनकर केळकरांनी तो पुण्यातल्या आपल्या संग्रहालयात उभा केला म्हणून आज पाहता तरी येतो. वस्तूचे मूळ स्थान सुटले हे खरे. मात्र ती वस्तूच नाहीशी होणे हा त्याहून मोठा तोटा.

दुसरीकडे, रामघाटावरची सगळ्यात मोलाची गोष्ट कपाटात ठेवताच येत नाही. सांगवेद विद्यालयातली पाठांतराची रीत गुरूच्या कंठातून शिष्याच्या कंठात जाते. तिचे दालन केले तर ध्वनिमुद्रण आणि माहितीफलक उरतील, परंपरा त्यांच्या मागे राहील. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचेही तसेच. नाशिकचा किंवा साताऱ्याचा यजमान आला की उपाध्ये त्याच्या पणजोबाची सही काढून दाखवतात. ती वही त्यांच्या पोटापाण्याचे साधन आहे. संग्रहालयाने ती मागितली तर, जतनाच्या चांगल्या हेतूनेसुद्धा, एक चालता व्यवहार बंद पडेल. शिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्याने 75 वर्षांपलीकडची हस्तलिखिते आणि 100 वर्षांपलीकडच्या इतर वस्तू पुरावस्तूंत मोडतात. नोंदणीचे नाव काढले की घरोघरी धास्ती पसरते आणि पेटी अधिकच आत सरकते. ही धास्ती पुष्कळदा निराधार असते, पण ती समजण्यासारखी आहे.

मग सारे एखाद्या मोठ्या संस्थेकडे सोपवावे का? काशीत त्या सोयी आहेत. राय कृष्णदासांनी 1920 मध्ये सुरू केलेले भारत कला भवन 1950 पासून बनारस हिंदू विद्यापीठात आहे आणि त्याच्याकडे सुमारे 1 लाख वस्तू आहेत. संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठाच्या सरस्वती भवनातली हस्तलिखितेही लाखाच्या घरात जातात. घाटाकाठच्या ओलीपेक्षा तिथले कोरडे कोठार नक्कीच बरे. 1978 च्या पुरात गंगा धोक्याच्या 71.262 मीटरच्या खुणेवरून 73.901 मीटरवर गेली होती, हे विसरून घाटावर पोथ्यांचे दालन करणे धाडसाचे ठरेल. मात्र मोठ्या संस्थेत गेलेली छोटी वस्तू पुन्हा उजेडात यायला पिढी जाते. आणि एके ठिकाणी साठवण्यातही धोका असतोच: 5 जानेवारी 2004 रोजी पुण्यात भांडारकर संस्थेची जमावाने नासधूस केली, 2016 मध्ये दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय आगीत सापडले.

या वादात एक गोष्ट मागे पडते असे आम्हांला वाटते. इमारतीची चर्चा होते, माणसाची होत नाही. संग्रहालये उभी करणे, मरगळलेली पुन्हा जागी करणे हा पूर्ण वेळाचा पेशा आहे, आणि काशी व महाराष्ट्र यांनी तो एकमेकांना दिलेला आहे. 'काशी का इतिहास' लिहिणारे डॉ. मोतीचंद्र बनारसचे, त्यांनी मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाचे संचालकपद सांभाळले. त्यांच्यानंतर सदाशिव गोरक्षकरांनी दोन दशके तीच वास्तू चालवली. मुंबईतल्या 1872 च्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जीर्णोद्धार 2008 मध्ये पूर्ण झाला. त्यामागे महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान अशी तीन बळे होती, आणि वास्तूइतकेच काम आतल्या वस्तूंवर झाले होते. या पेशाचे शिक्षणही आहे. सयाजीरावांच्या बडोद्यात 1952 पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, बनारस हिंदू विद्यापीठातही तो विषय शिकवतात. शिकून बाहेर पडलेल्यांना पदे मिळत नाहीत, ती कंत्राटी भरली जातात, हे मात्र सगळीकडचे रडगाणे आहे. सरकारी योजनेतून इमारतीला एकदा पैसा मिळतो. तीस वर्षांचा पगार कोणी देत नाही.

म्हणून आमचा कल संग्रहालयाआधी संग्रहपालाकडे आहे. ब्रह्माघाट ते रामघाट या पट्ट्यात मराठी वाचणारा, मोडी जाणणारा, जतनाचे प्रशिक्षण घेतलेला एक माणूस कायम नेमावा. त्याने घरोघर जाऊन यादी करावी, वाळवीची औषधे आणि आम्लरहित कागद पोचवावेत, पानांची छायाचित्रे घ्यावीत; वस्तू घरातच राहाव्यात. घर बंद होणार असेल, तेव्हाच मालकाच्या संमतीने त्या भारत कला भवनाकडे किंवा सरस्वती भवनाकडे जाव्यात. 2025 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ज्ञान भारतम् अभियानात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण आणि जतन करायचे आहे आणि त्यात खाजगी संग्राहकही धरले आहेत. रामघाटाची यादी त्यात बसू शकेल.

या मार्गालाही आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. यादीने पर्यटक येत नाहीत. काशीच्याच मानमंदिरात 2019 मध्ये आभासी संग्रहालय झाले. तसले काही असले तर शाळेची मुले येतात, हे मान्य करावे लागते. शिवाय घरात ठेवलेली पोथी अभ्यासकाला पाहू देणे घरमालकाच्या मर्जीवर राहते, आणि मर्जी फिरते. एकच माणूस आजारी पडला वा निघून गेला तर सारी माहिती त्याच्या वहीत अडकते. यावर तोडगा म्हणून यादीची एक प्रत विद्यापीठात आणि एक महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयात ठेवता येईल. संग्रहपालाचा पगार कोणी द्यायचा, हे ठरत नाही तोवर मात्र हे सारे कागदावरच राहील. महाराष्ट्र शासन म्हणेल, जागा उत्तर प्रदेशात. उत्तर प्रदेश म्हणेल, वारसा मराठी. घाट बांधणाऱ्या घराण्यांचे न्यास आणि काशीयात्रा काढणाऱ्या महाराष्ट्रातल्या मंडळांनी पहिली पाच वर्षे उचलली, तर दोन्ही सरकारांशी बोलायला निदान एक तयार यादी हातात असेल.