परवान्यावर नसलेली नावे

मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उपाहारगृहांना ग्राहकाकडून सक्तीने सेवाशुल्क घेता येणार नाही, असा निर्वाळा दिला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे त्यामुळे कायम राहिली. हे शुल्क कर्मचाऱ्यांच्या हितासाठीच आहे, असे व्यावसायिकांचे म्हणणे होते. ज्यांच्या नावाने ही रक्कम घेतली जात होती त्यांना मुळात पगार किती मिळतो, हा प्रश्न त्यानिमित्ताने चर्चेला यायला हवा होता. तो आला नाही.

छोट्या हॉटेलातील वेटर, आचाऱ्याचा मदतनीस आणि मोरीवर भांडी घासणारा यांचा पगार बहुधा ‘खाऊन, राहून’ ठरतो. जेवण हॉटेलात, झोप रात्री तेथेच बाके सरकवून किंवा माळ्यावर. गावाकडे पाठवण्यासाठी मालकाकडून उचल घेतलेली असते आणि ती पगारातून कापली जाते. वरवर ही सोय वाटते. प्रत्यक्षात नोकरी, छप्पर आणि कर्ज एकाच हातात जाते. अशा माणसाने बारा-चौदा तासांच्या कामाविरुद्ध तोंड उघडले, तर त्याच रात्री झोपायचे कोठे हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. म्हणूनच या क्षेत्रातून तक्रारी कमी येतात. त्याचा अर्थ तेथे समाधान आहे असा नव्हे.

या व्यवस्थेची किंमत आगीत दिसते. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतील साकीनाका येथे फरसाणाच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि १२ कामगार मृत्युमुखी पडले. ते दुकान हाच त्यांचा रात्रीचा निवारा होता. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातील हडफडे येथे रात्र-क्लबला लागलेल्या आगीत २५ जण दगावले. त्यांत पर्यटक थोडे होते. बहुसंख्य तेथे राबणारे कर्मचारी होते आणि त्यांतले अनेक झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ अशा दूरच्या मुलखांतून आलेले होते.

कायद्यांची वाण नाही. किमान वेतनाचा कायदा १९४८ चा. केंद्राने २०१७ मध्ये राष्ट्रीय किमान पातळी दिवसाला १७६ रुपये ठरवली, पण तिला कायद्याचे बळ नव्हते. २०१९ मध्ये तज्ज्ञ समितीने ३७५ रुपये सुचवले. नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. त्यांतील वेतनसंहिता सर्वच आस्थापनांना लागू होते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र नेमणूकपत्र देण्याचे बंधन व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेत आहे आणि तिथे ‘आस्थापना’ मोजली जाते ती सर्वसाधारणपणे दहा कामगारांपासून. भविष्यनिर्वाह निधीसाठी ही संख्या वीस आहे. आठ माणसांच्या खाणावळीतला कामगार किमान वेतनाला पात्र आहे. पण तो तेथे कामाला आहे हे सिद्ध करणारा कागद त्याच्यापाशी नाही.

प्रशासनात अनेक वर्षे काढल्यावर एक गोष्ट कळते: सरकार ज्याची नोंद मागते, तेवढेच त्याला दिसते. हॉटेल कामगाराची नोंद सरकार मागतच नाही, असेही नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून तिचा दाखला ठेवावा लागतो. ग्राहकाच्या पोटात रोगजंतू जाऊ नयेत, यासाठी हा नियम रास्तच आहे. पण त्याचा अर्थ असा होतो, की संभाव्य रोगवाहक म्हणून हा माणूस राज्यसंस्थेला ठाऊक आहे. वेतनाचा हक्कदार म्हणून नाही.

म्हणून नवा कायदा करण्याआधी जुना कागद वापरावा. परवान्याचे नूतनीकरण करताना मालकाकडून कामगारांची यादी घ्यावी. तीत नाव, कामाला लागल्याची तारीख, बँकेत जमा होणारा पगार आणि रात्रीच्या निवाऱ्याचा पत्ता एवढेच रकाने असावेत. तिची एक प्रत कामगार खात्याला, एक अग्निशमन दलाला जावी. दहाहून कमी कामगारांच्या हॉटेलांनाही राज्यांनी नेमणूकपत्र बंधनकारक करावे.

यामुळे छोटी हॉटेले बुडतील, असा आक्षेप येईल. भाडे, गॅस आणि वितरण कंपन्यांचे कमिशन यांनी मालक मेटाकुटीला आले आहेत, हे खरे. पण हे बाकीचे खर्च त्यांना टाळता येत नाहीत, म्हणून जो टाळता येतो त्यावर, म्हणजे मजुरीवर, सगळा भार पडतो. शिवाय नियम पाळणाऱ्या मालकाला न पाळणाऱ्याच्या स्वस्त थाळीशी स्पर्धा करावी लागते. सर्वांना सारखा नियम हे त्याचेही संरक्षण आहे.

या देशात वेगळा मार्गही चालून पाहिला गेला आहे. १९५० च्या दशकात कॉफी मंडळाने आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली, तेव्हा बेकार होऊ घातलेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था उभारल्या. १९५७ मध्ये बंगळुरू आणि दिल्लीपासून सुरुवात झाली. केरळात तर ही कॉफी हाउसे आजही गजबजलेली आहेत. कप उचलणारा माणूस सभासद म्हणून नोंदला गेला आणि तरीही कॉफी सामान्यांना परवडत राहिली.

प्रत्येक हॉटेलने सहकारी व्हावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु भिंतीवर मालकाचा परवाना चौकटीत लागलेला असताना आत राबणाऱ्यांची नावे कोठेच नसावीत, ही स्थिती सरकार एका आदेशाने बदलू शकते. ती नावे आगीनंतरच्या मृतांच्या यादीत प्रथमच लिहिली जाऊ नयेत.