सकाळ पुढे गेली, रात्रीचे काय?

महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक आदेश काढला. पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा त्याचा आशय होता. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय जाहीरपणे काढला होता. आदेश आला आणि अपेक्षेप्रमाणे चर्चेला तोंड फुटले. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांनी वर्गखोल्यांची अडचण मांडली, बसवाल्यांनी वाहतुकीची. आम्ही आठला घर सोडतो, मग मुलाला नऊला शाळेत कोण पोचवणार, असे नोकरदार आईबापांनी विचारले. हे सारे प्रश्न खरेच आहेत. परंतु या गदारोळात मूळ प्रश्न मागे राहिला. मूल सकाळी उठत नाही याचे कारण सकाळी शोधायचे, की आदल्या रात्री?

माझी उमेद बँकेत खतावण्या जुळवण्यात गेली. त्यामुळे कोणताही प्रश्न समोर आला की आधी जमाखर्च मांडून पाहावासा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यानुसार एक-दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत अकरा ते चौदा तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तास झोप हवी. दुपारची झोप यातच धरलेली आहे. आता ज्युनिअर केजीत जाणारे चार वर्षांचे एखादे मूल घ्या. रात्री अकराला त्याचा डोळा लागतो आणि सकाळी सव्वासहाला त्याला उठवावे लागते. झोप झाली सव्वासात तास. दुपारची दीड तास मिळवली तर पावणेनऊ. म्हणजे किमान गरजेपेक्षाही रोज सव्वा तास कमी, महिन्याला साडेसदतीस तास! शाळा नऊची झाली आणि मूल साडेसातला उठू लागले, तर ही तूट जेमतेम भरून निघते. पण ‘उद्या उशिरा उठायचंय, बसू दे थोडा वेळ’ असे घरात सुरू झाले आणि निजणे बारावर गेले, की तासाभराची तूट पुन्हा उभी राहते.

ही तूट साधी नाही. वाढीचे संप्रेरक प्रामुख्याने गाढ झोपेत स्रवते. दिवसभरात शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे कामही झोपेतच चालते. त्यातून गंमत अशी की झोप कमी पडलेले लहान मूल मोठ्या माणसासारखे पेंगत नाही. ते अधिकच उंडारते, हट्ट करते, चिडते. आपण म्हणतो, ‘याला झोपच येत नाही.’ वास्तविक झोपेची वेळ केव्हाच टळून गेलेली असते.

ती का टळते? अंधार पडू लागला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन नावाचे संप्रेरक सोडू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. उजेड ही वर्दी अडवतो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना निजण्याआधी तासभर प्रखर उजेडात खेळवले. त्यांचे मेलाटोनिन सुमारे ८८ टक्क्यांनी घटले आणि तो उजेड काढून पन्नास मिनिटे झाली तरी पूर्ववत झाले नाही. दहा मुले हा नमुना लहान खरा. पण २०२२ साली याच संशोधकांनी ३६ मुलांवरचे निष्कर्ष मांडले, तेव्हा अगदी मंद उजेडातही ही घट सरासरी ७८ टक्के आढळली. मुलांच्या बाहुल्या मोठ्या आणि डोळ्यांतले भिंग अधिक स्वच्छ असते, म्हणून तेवढाच उजेड त्यांना आपल्यापेक्षा जास्त भिडतो. लक्षात घ्या, या प्रयोगातला उजेड मोबाईलचा नव्हता, दिव्यांचा होता. तेव्हा आपल्या हॉलमधली रात्री अकरापर्यंत लख्ख जळणारी ट्यूबही निर्दोष ठरत नाही.

मोबाईलमध्ये उजेडाखेरीज आणखी एक गोष्ट आहे. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आले. त्या टीव्हीची जागा ठरलेली होती, आणि मुख्य म्हणजे त्याचे कार्यक्रम संपत असत. हातातल्या पडद्यावरचे काहीच संपत नाही. एक व्यंगचित्रपट संपायच्या आत दुसरा आपोआप सुरू होतो. थांबायचे केव्हा हे यंत्र सांगत नाही आणि तीन वर्षांच्या मुलाला ते उमगत नाही. म्हणजे ते सांगायचे काम घरातल्या मोठ्या माणसाकडे येते. इथेच आपण मुले कशी वाढवतो हा प्रश्न येतो.

डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात आईबापांच्या वागण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या. पहिली निव्वळ धाकाची, दुसरी निव्वळ लाडाची. तिसऱ्या तऱ्हेत माया भरपूर असते, पण नियमही पक्का असतो आणि त्याचे कारण मुलाला समजेल असे सांगितले जाते. आपल्या घरांकडे या चष्म्यातून पाहावे. लाडाच्या घरात दोन घास पोटात जावेत म्हणून मोबाईल दिला जातो, रडू नये म्हणून दिला जातो आणि निजावे म्हणूनही तोच दिला जातो. धाकाच्या घरात तो शिक्षा म्हणून हिसकावला जातो आणि शहाण्यासारखे वागल्याचे बक्षीस म्हणून परत मिळतो. तऱ्हा दोन, पण मोबाईल दोन्हीकडे चलन होऊन बसलेला. ज्याच्या बदल्यात घरातले सारे व्यवहार होतात, त्याचा भाव मुलाच्या लेखी चढतच जाणार. पुष्कळ घरांत तर दोन्ही तऱ्हा एकाच छपराखाली नांदतात. बाबा दटावतात, आजी पदराआडून देते. कोणाकडे कधी हात पसरायचा हे मूल अचूक हेरते.

झोपेचेही आपण असेच करून ठेवले आहे. ‘दंगा केलास तर झोपायला पाठवीन’, ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल!’ जी गोष्ट शिक्षा म्हणून किंवा भीती म्हणून समोर येते, तिच्याकडे मूल आपण होऊन कसे वळेल?

अर्थात, सगळा दोष आईच्या पदरात टाकून मोकळे होणे हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे, त्याला माझी साथ नाही. जी बाई संध्याकाळची कर्जत किंवा विरार लोकल पकडून आठला घरी पोचते आणि पोळ्या लाटायला उभी राहते, तिने मुलाच्या हाती अर्धा तास मोबाईल दिला तर तिला बोल लावण्याआधी त्या अर्ध्या तासात घरातली बाकीची माणसे काय करत होती, हे विचारावे. शिवाय उशिरा निजणे मोबाईलच्याही आधीपासूनचे आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह १७ देश-प्रदेशांतल्या तीन वर्षांखालील मुलांच्या पाहणीत न्यूझीलंडमधली मुले सरासरी संध्याकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी निजत होती, तर हाँगकाँगमधली रात्री १० वाजून १७ मिनिटांनी. आशियाई घरांत मुले एकूणच उशिरा निजताना आणि कमी झोपताना आढळली. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जास्त पडदा आणि कमी झोप ही जोडी पाहण्यांत वारंवार दिसते. परंतु मुळातच न झोपणाऱ्या मुलाला दमलेले आईबाप अधिक मोबाईल देतात, हेही त्यात असतेच. दोन्ही बाजूंनी गाठ आवळत जाते. ती सैल करायला सुरुवात मात्र मोठ्यांनीच करायची.

कशी? २००९ साली जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०५ आया आणि त्यांच्या तान्ह्या ते तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचा अभ्यास केला. काही घरांना रोज रात्री एकच क्रम पाळायला सांगितला. आंघोळ, मग अंग चोळणे, मग कुशीत घेणे किंवा अंगाई, आणि दिवा बंद. दोन आठवड्यांत मुले लवकर झोपू लागली, रात्री कमी वेळा उठू लागली आणि आयांची मनःस्थितीही सुधारली. या अभ्यासाला बाळांची प्रसाधने बनवणाऱ्या कंपनीचे पैसे होते. पैसा कुठून आला हे बघायची सवय जात नाही, म्हणून तेही नोंदवतो. परंतु त्यातली युक्ती कोणाच्याही बाटलीत नाही. ती त्याच क्रमात आहे, रोज तोच, त्याच वेळी. आपल्या घरांना हे काही नवे नाही. तेल, न्हाऊ, थोपटणे, गोष्ट, अंगाई हे आपलेच होते.

तेव्हा करायचे ते थोडकेच आहे. मुलाचे जेवण मोठ्यांच्या जेवणाची वाट न पाहता आधी उरकावे. निजण्याआधीचा तास पडद्याविना आणि मंद दिव्याचा असावा. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचा सल्ला दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको, दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, असा आहे. तो आजी-आजोबांसकट सर्वांनी एकत्र बसून ठरवून घ्यावा. बाबा उशिरा येत असतील तर मुलाला ताटकळत जागवू नये. बाबांच्या वाट्याला सकाळचा अर्धा तास द्यावा. आणि त्या एका तासात घरातले सगळेच मोबाईल दुसऱ्या खोलीत राहावेत, आजोबांचाही. आपण पडद्यात डोके खुपसून मुलाला ‘झोप’ म्हणावे, हे कुठलेच मूल ऐकत नाही, आणि ऐकू नयेच.

शाळेची घंटा नऊला वाजावी की सातला, हे सरकार आणि शाळा ठरवतील, त्याबद्दल भांडणेही होत राहतील. घरातला दिवा केव्हा मालवायचा, हे ठरवायला मात्र कोणाच्या आदेशाची वाट पाहायला नको. आज रविवार आहे. उद्या सकाळी शाळा आहे. आज रात्रीपासूनच सुरुवात करता येईल.