बाळंतपणाची रजा आणि बढतीची फाईल

वडूज परिसरात काम करताना प्राध्यापक बायका मला एकच प्रश्न विचारतात: बढतीच्या फाईलमध्ये बाळंतपणाच्या रजेचं काय करायचं? ‘तास कमी भरले’ म्हणून त्यांना मागं ठेवलं जातं. हा नियम नव्हे, मुजोरी आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ची नियमावली स्पष्ट सांगते: प्रसूती व बालसंगोपन रजेचा काळ मूल्यमापनातून वगळायचा, उरलेल्या काळातल्या कामावरून पूर्ण काळाची श्रेणी ठरवायची. रजेमुळे बढतीत नुकसान होता कामा नये. त्यानंतरचा राज्याचा शासन निर्णय तर ८ मार्च २०१९चा, महिलादिनाचा! त्या दिवशी गुलाब वाटणारे ही तरतूद मात्र सांगत नाहीत.

‘मूल ही तुमची खासगी बाब’ म्हणणाऱ्यांना विचारू या, उद्या तुमच्या वर्गात बसणारी मुलं येतात कुठून?

म्हणून फाईलचं पहिलं पान त्या तरतुदीचं लावा. तोंडी नकार ऐकून परतू नका, लेखी मागा. एकटीला गप्प बसवणं सोपं असतं. चौघी मिळून जा. आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या बहिणींच्या नशिबी बढतीची फाईलच नाही. त्यांना वगळून आपली लढाई पुरी होणार नाही.