अठ्ठेचाळीस मते आणि दहा लाख गैरहजर

लोकशाहीत एका मताला किती मोल असते, या प्रश्नाचे उत्तर नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एक असते आणि मतमोजणीच्या टेबलावर दुसरेच निघते. ४ जून २०२४ रोजी वायव्य मुंबई मतदारसंघात रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६ मते पडली. अवघ्या ४८ मतांनी एक उमेदवार लोकसभेत गेला. 'वरीलपैकी कोणीही नाही' असा कौल देणारे मतदार त्याच मतदारसंघात पंधरा हजारांहून अधिक होते. त्याच दिवशी, तेथून लोकलने फार तर दीड तासाच्या अंतरावरील कल्याण मतदारसंघात श्रीकांत शिंदे यांनी वैशाली दरेकर-राणे यांचा दोन लाख नऊ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. आमचे दिवा या दुसऱ्या मतदारसंघात मोडते. तेव्हा अंधेरी-गोरेगावच्या मतदाराचे मत सोन्याचे आणि दिव्याच्या मतदाराचे कथलाचे, असे समजावयाचे काय, हा प्रश्न वर्गात विद्यार्थ्यांनी विचारला, तर अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तो हसण्यावारी नेता येत नाही.

प्रथम राज्याचे चित्र पाहू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्र हे अटीतटीच्या लढतीचे राज्य ठरले. महाविकास आघाडी आणि महायुती या दोहोंना प्रत्येकी सुमारे ४४ टक्के मते मिळाली. दोहोंतील अंतर अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. जागा मात्र एकीला ३० आणि दुसरीला १७ मिळाल्या. सांगलीची उरलेली जागा अपक्ष उमेदवाराने जिंकली. पुढे पाच-साडेपाच महिन्यांतच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. महायुतीची मते निम्म्याच्या आसपास गेली, आघाडीची सुमारे ३५ टक्क्यांवर आली, आणि २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांकडे गेल्या. आघाडीच्या तीन प्रमुख पक्षांच्या वाट्याला ४६ आल्या. मतांचा लंबक थोडा हलतो आणि जागांचा लंबक भिंतीवर जाऊन आदळतो, हा एकसदस्य मतदारसंघ आणि साध्या बहुमताच्या पद्धतीचा स्वभावधर्म आहे. त्यात कोणाची लबाडी शोधण्याचे कारण नाही. परंतु या पद्धतीत एक गोष्ट अटळपणे घडते. राजकीय पक्षांचे लक्ष, पैसा, कार्यकर्ते आणि आश्वासने जेथे पारडे कोणत्याही बाजूला झुकू शकते, तेथे वाहत जातात. जेथे निकाल ठरलेला मानला जातो, तेथे प्रचारफेरी निघते, पण मनधरणी होत नाही.

हीच पद्धत अमेरिकेत आहे. तेथील काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, कनिष्ठ सभागृहात ४३५ जागा असतात आणि दर दोन वर्षांनी त्या सर्वांसाठी निवडणूक होते. विस्कॉन्सिन हे तेथील चुरशीचे राज्य म्हणून प्रसिद्ध आहे. २०२० मध्ये बायडन यांनी ते सुमारे २१ हजार मतांनी जिंकले, २०२४ मध्ये ट्रम्प यांनी सुमारे २९ हजार मतांनी. दोन्ही वेळा एकूण मतदान तीस लाखांच्या वर होते. म्हणजे राज्य जवळजवळ समसमान विभागलेले. असे असता २०२४ मध्ये काँग्रेसच्या तेथील आठ जागांपैकी सहा रिपब्लिकन पक्षाला आणि दोन डेमोक्रॅटिक पक्षाला मिळाल्या. डेमोक्रॅटिक मतदार मिल्वॉकी आणि मॅडिसन या शहरांत एकवटलेले आहेत, हे त्याचे एक कारण. मतदारसंघांच्या सीमा कशा आखल्या गेल्या, हे दुसरे.

हे दुसरे कारण आपण समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत काँग्रेसच्या मतदारसंघांच्या सीमा राज्याचे विधिमंडळच आखते. ज्याच्या हाती बहुमत, त्याच्या हाती पेन्सिल. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या कारकिर्दीत असाच एक वेडावाकडा मतदारसंघ निर्माण झाला आणि त्यावरून या करामतीला 'जेरीमँडरिंग' हे नाव पडले. दोनशे वर्षांनंतरही ती विद्या जिवंत आहे. नॉर्थ कॅरोलायनात २०२२ ची निवडणूक न्यायालयाच्या देखरेखीखाली आखलेल्या सीमांनुसार झाली, तेव्हा दोन्ही पक्षांना सात-सात जागा मिळाल्या. विधिमंडळाने २०२३ मध्ये सीमा पुन्हा आखल्या आणि २०२४ मध्ये तेच प्रमाण दहा विरुद्ध चार असे झाले. त्या वर्षी सभागृहात रिपब्लिकनांना २२० आणि डेमोक्रॅटांना २१५ जागा मिळाल्या, हे लक्षात घेतले म्हणजे एका राज्यातील तीन जागांची किंमत कळते. पक्षीय हेतूने आखलेल्या सीमांचा निवाडा संघराज्याच्या न्यायालयांनी करावयाचा नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच ठरविले होते. २०२५ मध्ये तर टेक्सासने जनगणनेची वाटही न पाहता सीमा बदलल्या आणि कॅलिफोर्नियाने सार्वमत घेऊन तिला त्याच भाषेत उत्तर दिले. मतदाराने प्रतिनिधी निवडावा, या तत्त्वाऐवजी प्रतिनिधीच आपले मतदार निवडू लागले आहेत. राज्य अटीतटीचे राहते. त्यातील मतदारसंघ मात्र एकामागून एक चुरसहीन होत जातात.

आपल्याकडे या बाबतीत घटनाकारांनी व पुढच्या कायदेमंडळांनी अधिक शहाणपण दाखविले. सीमांकन विधिमंडळाच्या हाती न ठेवता ते आयोगाकडे सोपविले. आयोगाच्या आदेशाला कायद्याचे बळ दिले. न्या. कुलदीपसिंग यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे सीमा आखल्या आणि २००८ मध्ये त्या अमलात आल्या. तोपर्यंत दिवा जुन्या ठाणे मतदारसंघात होते. ठाण्यापासून कल्याणपर्यंत आणि खाडीपलीकडे बेलापूरपर्यंत पसरलेला तो एक अवाढव्य मतदारसंघ होता. त्यातून कल्याण हा स्वतंत्र मतदारसंघ निर्माण झाला. यात कोणा पक्षाची सोय पाहिली गेली, असे म्हणण्यास जागा नाही. तेव्हा कल्याणमध्ये आज जी चुरस दिसत नाही, तिचा दोष नकाशाला देता येणार नाही.

मग तो कोठे आहे? आकडे पाहावेत. कल्याण मतदारसंघाची पहिली निवडणूक २००९ मध्ये झाली. शिवसेनेचे आनंद परांजपे यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे वसंत डावखरे यांचा सुमारे २४ हजार मतांनी पराभव केला. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या उमेदवाराला, म्हणजे २०२४ मध्ये दुसऱ्या पक्षातर्फे उभ्या राहिलेल्या वैशाली दरेकर यांनाच, लाखावर मते पडली होती. लढत खरोखर चुरशीची होती. आणि त्या वर्षी मतदानाला जेमतेम एक तृतीयांश मतदार आले! पुढे २०१४ मध्ये विजयाचे अंतर अडीच लाखांवर गेले, २०१९ मध्ये ते सुमारे ३ लाख ४४ हजार झाले. २० मे २०२४ रोजी मतदारसंघात वीस लाखांहून अधिक मतदार नोंदलेले होते. त्यांपैकी सुमारे निम्म्यांनी मत दिले. म्हणजे घरी राहिलेल्यांची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. विजयाचे अंतर दोन लाख आणि गैरहजर दहा लाख, हे ज्या मतदारसंघाचे गणित, त्याला 'सुरक्षित' म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. तो कोणाचाही बालेकिल्ला नाही. अमेरिकेत चुरस विधिमंडळाच्या पेन्सिलीने पुसली जाते. आपण ती गैरहजेरीने पुसतो.

ही गैरहजेरी निव्वळ आळसाची नाही, हे मान्य केले पाहिजे. अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्येच मांडले की, एका मताने निकाल बदलण्याची शक्यता जवळजवळ शून्य असते आणि मतदानाला जाण्याचा खर्च मात्र खराखुरा असतो. तेव्हा घरी बसणारा मनुष्य अविचारी नसून हिशेबी असतो. दिव्यातील मनुष्य या हिशेबात चपखल बसतो. लालबाग-परळच्या चाळीतून, कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून तो येथे आला, कारण येथे घर परवडले. कित्येकांची नावे अजून गावच्या यादीत आहेत. कित्येकांची दोन भाडेकरारांच्या मध्ये कोठे तरी हरवली. आठवड्याचे सहा दिवस पहाटे उठून लोकल गाठणाऱ्याला मतदानाची सुट्टी म्हणजे झोपेची थकबाकी वसूल करण्याचा दिवस वाटतो. परंतु या हिशेबात एक घोडचूक आहे. प्रत्येक जण वेगवेगळा हिशेब मांडतो आणि त्याची किंमत मात्र संपूर्ण वस्ती मिळून मोजते. कारण उमेदवार एकेका मताकडे पाहत नाहीत. ते केंद्रनिहाय याद्या पाहतात. ज्या केंद्रावर निम्मे लोक येत नाहीत, त्या केंद्राच्या मागण्याही निम्म्याच ऐकू येतात.

दिव्याच्या बाबतीत ही किंमत कशी मोजली जाते, हे येथील फलाटावर उभे राहिल्यास समजते. कल्याण-डोंबिवलीकडून भरून आलेल्या गाडीत दिव्याच्या प्रवाशाने शिरावयाचे असते. २ जानेवारी २०१५ रोजी येथे प्रवाशांचा उद्रेक झाला, दगडफेक झाली, वाहने जळाली. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, जलद गाड्या येथे थांबू लागल्या. ठाणे-दिवा पाचवी व सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. आणि तरीही ९ जून २०२५ रोजी शेजारच्या मुंब्रा स्थानकाजवळील वळणावर, दारात लटकून चाललेले प्रवासी लोकलमधून पडून मृत्युमुखी पडले. रेल्वे हा घटनेच्या केंद्रसूचीतील विषय आहे. त्याचा जाब विचारण्याची जागा लोकसभा आहे, आणि नेमक्या त्याच निवडणुकीत आपण निम्मे येत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. दोन लाखांच्या मताधिक्याने निवडून आलेल्या खासदाराच्या काळातच जलद गाड्यांचा थांबा मिळाला, मार्गिका पूर्ण झाल्या. मग चुरशीचे एवढे कौतुक कशासाठी? उलट, दिवा ज्या कल्याण ग्रामीण विधानसभा मतदारसंघात येते, तेथे चुरशीला तोटा नाही. २००९ मध्ये तो मनसेकडे, २०१४ मध्ये शिवसेनेकडे, २०१९ मध्ये सुमारे सात हजार मतांनी पुन्हा मनसेकडे आणि २०२४ मध्ये पुन्हा शिवसेनेकडे, असा गेला. चारही वेळा आमदार निराळा. एवढी चुरस असूनही पाणी, रस्ते, नाले यांची गाऱ्हाणी जुनीच राहिली. यातील बरेचसे विषय ठाणे महापालिकेचे. आणि त्या महापालिकेत तर मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. महापालिका ठाण्याची, विधानसभा कल्याण ग्रामीणची, लोकसभा कल्याणची; तीन घरचा पाहुणा उपाशी, अशी दिव्याची अवस्था आहे.

हा आक्षेप स्वीकारूनच पुढे गेले पाहिजे. चुरस आवश्यक आहे, पण ती पुरेशी नाही. अटीतटीची लढत उमेदवाराला दारापर्यंत आणते. त्याला पुन्हा दारी यावयास लावणे हे मतदाराचे काम आहे. जुन्या ठाणे मतदारसंघातून १९७७ व १९८० मध्ये निवडून आलेले रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवीत असत. त्यांच्या पक्षाशी आपले मत जुळो वा न जुळो, ही प्रथा कोणत्याही पक्षाच्या प्रतिनिधीने उचलावी अशी होती. ती टिकली नाही, याचा दोष नुसता प्रतिनिधींचा नाही. अहवाल मागणारेच उरले नाहीत.

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी या वर्गाकडून या बाबतीत अपेक्षा अधिक आहे, कारण अर्ज लिहिणे, यादी तपासणे, हिशेब ठेवणे हे त्यांच्या रोजच्या व्यवसायातलेच काम आहे. आपल्या इमारतीतील किती जणांची नावे येथील यादीत आहेत आणि किती जणांची अजून गावी आहेत, एवढी मोजदाद एका रविवारी होऊ शकते. कोणता प्रश्न संसदेचा, कोणता विधानसभेचा आणि कोणता महापालिकेचा, याची वाटणी करून त्या त्या प्रतिनिधीला वर्षातून एकदा लेखी जाब विचारता येतो. याला पक्ष लागत नाही, पैसाही लागत नाही.

मतदारसंघांच्या सीमाही कायमच्या नाहीत. राज्याराज्यांतील जागांचे वाटप १९७६ मध्ये गोठविले गेले आणि २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ते बंधन २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविले. महाराष्ट्राच्या ४८ जागा १९७१ च्या लोकसंख्येवर ठरल्या आणि कल्याणची सीमा २००१ च्या. त्यानंतर दिव्यात उभ्या राहिलेल्या हजारो घरांची दखल या दोहोंपैकी एकानेही घेतलेली नाही. पुढेमागे नवी सीमा आखली जाईल, तेव्हा दिवा कोणाच्या पदरात पडेल हे आज सांगता येत नाही. परंतु ते कोणत्याही मतदारसंघात गेले, तरी मतदार घरीच राहणार असतील तर नुसत्या नव्या नकाशाने काय साधणार? वायव्य मुंबईत ४८ मतांनी निकाल फिरला, कारण नऊ लाखांहून अधिक लोक त्या दोन उमेदवारांसाठी घराबाहेर पडले होते. त्यांतील एकालाही आदल्या दिवशी ठाऊक नव्हते की आपले मत त्या ४८ पैकी एक आहे.