विश्लेषण : टूरिंग मोटारसायकलचे जादा पर्याय... घ्यायचे कोणते, सोडायचे कोणते?

मोटारसायकल पसंत पडते, रंग ठरतो, बुकिंगची रक्कमही भरून होते. मग शोरूममधला विक्रेता दुसरी यादी पुढे सरकवतो. क्रॅश गार्ड, उंच काच, फॉगलाइट, तीन डबे, गरम होणाऱ्या मुठी, टूरिंग सीट, इंजिनखालची संरक्षक प्लेट. प्रत्येक वस्तू एकेकटी परवडणारी वाटते. बेरीज सहज चाळीस हजारांवर जाऊ शकते. लडाख किंवा स्पिती डोळ्यांसमोर असताना नाही म्हणणे कठीण असते. पण यातल्या बऱ्याच वस्तू त्याच दिवशी घेण्याची गरज नसते. आणि जे त्या दिवशीच ठरवावे लागते, त्याकडे ग्राहकाचे लक्ष सर्वांत कमी जाते.

बुकिंगच्या दिवशीच ठरवावे असे काय?

जे गाडीच्या चाकांत, ब्रेकमध्ये आणि संगणकात आहे, ते. एबीएसचेच पाहा. बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये के१०० मालिकेच्या मोटारसायकलींवर ही यंत्रणा जादा पैसे मोजून मिळणारा पर्याय म्हणून दिली. भारतात १ एप्रिल २०१८ पासून १२५ सीसीवरील नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून त्या गटातील सर्वच नव्या दुचाकींना ती सक्तीची झाली. वळणावर गाडी कललेली असताना ब्रेकचा जोर सांभाळणारे ‘कॉर्नरिंग एबीएस’ आज त्याच वाटेवर आहे. काही गाड्यांच्या वरच्या श्रेणीत ते मिळते, खालच्या श्रेणीत मिळत नाही. ते नंतर बाजारातून आणून बसवता येत नाही. आंबा घाट किंवा वरंध घाट पावसात उतरणाऱ्यासाठी श्रेणीतला फरक मोजावा तो इथे. स्टिकर आणि रंगसंगतीसाठी नव्हे.

दुसरी गोष्ट चाकांची. खराब रस्त्यावर तारांची, म्हणजे स्पोकची चाके दणके चांगले सोसतात. पण स्पोक रिमला जिथे जोडलेले असतात तिथल्या छिद्रांतून हवा निसटते, म्हणून अशा चाकांत बहुधा ट्यूब असते. ट्यूबच्या चाकाला खिळा लागला की हवा झपाट्याने जाते, चाक उतरवावे लागते, टायर सोडवून ट्यूब बाहेर काढावी लागते. ट्यूबलेस असेल तर खिळा उपटून भोकात पट्टी कोंबायची, छोट्या पंपाने हवा भरायची आणि पुढे निघायचे. रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात बाजारात आली तेव्हा भारतीय ग्राहकांसाठी तिला ट्यूबचीच चाके होती. ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय २०२४ मध्ये आला. ज्या गाडीला असा पर्याय आहे, तिथे यादीतले पहिले पैसे चाकांवर जावेत. एकट्याने फिरणाऱ्याला तर याहून मोठी सोय कोणत्याही डब्याने किंवा दिव्याने मिळणार नाही.

आणि क्रूझ कंट्रोल?

तेही नंतर बसवणे अवघड, त्यामुळे ‘आत्ताच घ्या’ हा आग्रह जोरात होतो. पण केवळ नंतर मिळणार नाही म्हणून एखादी गोष्ट घ्यावी, असे होत नाही. क्रूझ कंट्रोलचे खरे सुख सरळ, मोकळ्या, लांब रस्त्यावर. महाराष्ट्रातले असे दोन रस्ते म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. दोन्हींवर दुचाकींना बंदी आहे! दरवर्षी राजस्थान किंवा दक्षिणेकडे दोन-तीन हजार किलोमीटर जाणाऱ्याने ते जरूर घ्यावे, मनगटाला आराम मिळतो. शनिवार-रविवारी कोकणात उतरणाऱ्याला त्याचे बटण दाबायची संधी फारशी येणार नाही.

करामुळे हिशेब कसा बदलतो?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी १८ टक्के झाला, त्यावरील गाड्यांवर तो ४० टक्के आहे. सुटे भाग आणि अ‍ॅक्सेसरीज मात्र १८ टक्क्यांत आहेत. म्हणजे साडेचारशे सीसीच्या गाडीत एखादी वस्तू गाडीच्याच किमतीत धरली गेली तर तिच्यावर ४० टक्के कर लागतो, आणि त्या वाढलेल्या किमतीवर रस्ता कर. तीच वस्तू वेगळ्या बिलाने घेतली तर कर १८ टक्क्यांवर थांबतो. चाके आणि ब्रेक यांच्याबाबत हा फरक सोसावा लागेल. डब्यांबाबत सोसण्याचे कारण नाही.

‘कर्जातच टाकून देऊ, हप्ता थोडाच वाढेल’ हे वाक्यही तपासून घ्यावे. ४० हजारांच्या वस्तू साडेदहा टक्के व्याजाने तीन वर्षांच्या कर्जात टाकल्या, तर महिना साधारण १,३०० रुपये जातात आणि व्याजापोटी सुमारे ६,८०० रुपये. तेवढ्यात दोघांचे चांगले हातमोजे येतात. जॅकेट, हेल्मेट आणि बूट यांचे पैसे डब्यांनी खाल्ले, असे बऱ्याच नव्या टूरिंगवाल्यांचे होते.

यादीत न लिहिलेले वजन

पैशांपेक्षा मोठा प्रश्न वजनाचा आहे, आणि त्याबद्दल शोरूममध्ये क्वचितच कोणी बोलते. हिमालयन ४५० चे स्वतःचे वजन १९६ किलो आहे. आता समजा, चालवणारा ७५ किलोचा, मागे बसणारी व्यक्ती ६० किलोची, दोघांची जॅकेट-हेल्मेट-बूट १५ किलो, रिकामे डबे आणि त्यांची फ्रेम २० किलो, क्रॅश गार्ड, प्लेट आणि दिवे १० किलो, सामान २५ किलो. बेरीज २०५ किलो. गाडीपेक्षा तिच्यावरचा भार जास्त! यातले ३० किलो तर एकही कपडा भरण्याआधीचे आहेत. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत भारासह कमाल वजन दिलेले असते. ते पान वाचून, त्यातून गाडीचे वजन वजा करून, उरलेल्या आकड्यात माणसे आधी बसवावीत आणि वस्तू नंतर.

भार किती यासोबत तो कुठे आहे हेही महत्त्वाचे. मागच्या चाकाच्याही मागे, उंचावर लटकणारा टॉप बॉक्स पुढच्या चाकावरचा भार कमी करतो. मग वेगात हँडल हलके लागते, बाजूच्या वाऱ्यात गाडी डोलते. जड वस्तू खाली आणि पुढे, हलक्या वस्तू वर, हा नियम जुन्या दूधवाल्यांना ठाऊक होता. कॅन पाहा, कायम चाकाच्या दोन्ही बाजूंना, खाली. तीन कडक डब्यांऐवजी दोन मऊ पिशव्या बाजूंना बांधल्या तर बरेच किलो वाचतात आणि प्रवास संपल्यावर त्या माळ्यावर टाकता येतात.

मागे बसणाऱ्याचे मत कोण विचारते?

बहुधा कोणीच नाही. गाडी एक जण निवडतो, दिवसाचे आठ तास मात्र दोघे काढतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण आवश्यक आहे. डब्यांची फ्रेम बसवताना नेमका साडी गार्डच काढून टाकला जातो. मागे ओढणी किंवा साडी नेसलेली आई किंवा पत्नी बसणार असेल, तर ती फ्रेम घेऊच नये. टूरिंग सीट विकत घेण्याआधी मागच्या माणसाला शोरूममध्ये नेऊन पाच मिनिटे नव्हे, चांगला अर्धा तास बसवून पाहावे. चालवणाऱ्याचेही तेच. हिमालयनची सीट ८२५ मिलिमीटर उंच आहे. पाय टेकतात की नाही, हे वितरणाच्या दिवशी कळून उपयोग नाही.

बाहेरून बसवले तर?

दिवे आणि मोबाइल चार्जर यांसाठी मूळ वायरिंग कापली तर विद्युत भागांच्या वॉरंटीवर वाद निघू शकतो; जोडणी कंपनीच्याच प्लगने करून घ्यावी. बाहेरून बसवलेल्या वस्तू विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवाव्या लागतात, नाहीतर दाव्याच्या वेळी त्यांचे पैसे मिळत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर हा पर्याय नव्हेच. पोलिसांनी रोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरांची छायाचित्रे अधूनमधून येतातच.

उंच काच, मुठी, हँडगार्ड, डबे हे सगळे दोन-तीन हजार किलोमीटर झाल्यावर ठरवता येते. काचेची उंची चालवणाऱ्याच्या उंचीवर अवलंबून असते. एकाचा वारा अडवणारी काच दुसऱ्याच्या हेल्मेटवर तो नेमका आदळवते. गरम मुठी ऑगस्टच्या कोल्हापुरात काही कामाच्या नाहीत, खारदुंग ला चढताना आहेत. अपवाद क्रॅश गार्डचा. गाडी पडते ती बहुधा पहिल्याच महिन्यात, आणि तीही उभ्या जागी.